कपाटाची दुसरी चावी

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

शेतावरून आलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून ऐकणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार.

आज मी तुमच्याशी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द रोजच्या वापरातला आहे, कपाट. तुम्ही म्हणाल, बाई, कपाटाबद्दल काय बोलायचं? साड्या ठेवायच्या, दार लावायचं, झालं. मलाही तसंच वाटायचं. पण मुरबाडजवळच्या एका वाडीत गटाच्या बैठकीला गेले होते, तेव्हा एक गंमत झाली आणि तिथून हा विषय डोक्यात बसला.

मे महिना होता. बैठक ज्या घरात होती तिथे टीव्ही चालू होता. हिंदी बातम्या लागल्या होत्या. बातमी देणारी मुलगी सांगत होती की केदारनाथचे कपाट उघडले, दर्शनाला गर्दी लोटली. गटातल्या एक आजी कान देऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, देवाचं कपाट उघडायला एवढी माणसं कशाला जमलीत? दागिने मोजायचेत का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग कुणीतरी सांगितलं, आजी, तिकडे कपाट म्हणजे दार. देवळाचं दार उघडलं. दिवाळीत भाऊबीजेला बंद करतात, कारण बर्फ पडतो, आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडतात.

आजींनी लगेच विचारलं, "मग आपण दाराला कपाट का नाही म्हणत? आणि कपाटाला कपाट का म्हणतो?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं डोंबिवलीत शाळेत मराठी शिकवलं, आणि एका आजींच्या प्रश्नावर गप्प बसले. घरी येऊन शब्दकोश काढले. जे कळलं ते आज तुम्हांला सांगते. आणि त्यातून माझ्या आत्याची एक गोष्ट आठवली, तीही शेवटी सांगते. खरं तर तीच सांगायची आहे.

आधी शब्द. कपाट हा शब्द संस्कृत आहे. संस्कृतात त्याचा अर्थ दार, दाराची फळी, दाराचं पान. त्याचंच बोलता बोलता झालं कवाड. आपल्याकडे अजूनही जुनी माणसं म्हणतात ना, "कवाड लोटून घे गं, कुत्रं शिरंल." हिंदीत तेच किवाड झालं. म्हणजे कवाड आणि कपाट हे एकाच आईचे दोन मुलगे. एक गावात राहिला, एक पुस्तकात शिकला. केदारनाथवाल्यांनी जुना अर्थ सांभाळला, आणि आपण मराठी माणसांनी कपाटाला वेगळ्या कामाला लावलं.

आता दाराचं कपाट कसं झालं? जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. कल्याणला, ठाण्याला जुन्या वस्तीत अजून एखाददुसरा उभा आहे. भिंत हात-दीड हात जाड. त्या भिंतीत खोबण ठेवायची. लहान खोबण असली आणि दिवा ठेवायला असली तर ती देवळी. जरा मोठी, उघडी, ती कोनाडा. आणि त्याहून मोठी, आत फळ्या बसवलेली आणि पुढे दोन दारं लावलेली, ते फडताळ. लोणच्याची बरणी, तुपाचं भांडं, पोथी, हिशेबाची वही, सगळं त्यात. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसायचं? भिंतीत दोन छोटी दारं. आतली खोबण दिसत नाही, दारं दिसतात. जे दिसतं त्याचं नाव पडतं. मला तरी असं वाटतं की दाराचं नाव अख्ख्या वस्तूला लागलं ते असंच. मग सुतारानं भिंतीबाहेर लाकडाची उभी पेटी केली, तिलाही दोन दारं, तिलाही तेच नाव. पुढे ती लोखंडाची झाली, तरी नाव कपाटच.

इथे शिकलेल्या मुली मला हमखास विचारतात, "बाई, कपाट हा शब्द इंग्रजी कपबोर्डवरून नाही का आला?" ऐकायला सारखा वाटतो हे खरं. कपबोर्ड, कपाट. पण इंग्रज आपल्याकडे यायच्या कितीतरी शतकं आधी कपाट हा शब्द संस्कृतात होता. तेव्हा शब्द इंग्रजांचा नाही. फार तर असं झालं असेल की साहेबाच्या घरात काम करणाऱ्यांनी कपबोर्ड ऐकलं, आपल्या कपाटासारखं वाटलं, आणि दाराऐवजी त्या वस्तूला ते नाव घट्ट चिकटलं. असं होऊ शकतं. पण शब्द आपलाच.

आणि गंमत ऐका. कपबोर्ड म्हणजे काय? कप आणि बोर्ड. कप-पेले मांडून ठेवायची फळी. सुरुवातीला ती उघडी फळी होती, तिला दार नव्हतं. आपलं कपाट म्हणजे नुसतं दार, त्याला फळी नव्हती. एका देशात बिनदाराची फळी, दुसऱ्या देशात बिनफळीचं दार. दोघं दोन टोकांहून चालत आले आणि एकाच वस्तूपाशी येऊन थांबले. शब्दांचा प्रवास असा असतो.

आता शेजाऱ्यांकडे बघू. गुजराती बाई म्हणते कबाट. कर्नाटकातली म्हणते कपाटु. पण हिंदी बोलणारी म्हणते अलमारी. बंगालमध्ये आलमारी, केरळात अलमारा, आणि समुद्र ओलांडून इंडोनेशियात गेलात तर तिथली बाई म्हणते लेमारी. एवढ्या सगळ्यांना हा शब्द दिला कुणी? पोर्तुगिजांनी. त्यांचा शब्द आर्मारिओ. तो आला लॅटिन भाषेतून. लॅटिनमध्ये आर्मा म्हणजे हत्यारं, अवजारं. ती ठेवायची जागा म्हणजे आर्मारिअम. तिथून अलमारी.

आता जरा कान टवकारा, कारण गोष्ट आपल्या कल्याणला येते. त्याच आर्मा शब्दावरून पोर्तुगिजांचा दुसरा शब्द झाला, आर्मादा. म्हणजे हत्यारबंद जहाजांचा ताफा. त्यावरून आपल्या मराठीत शब्द आला आरमार. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. आज दुर्गाडीवर देवीला जाताना खाली जी खाडी दिसते, तीच. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. तर बघा, साड्या ठेवायची अलमारी आणि महाराजांचं आरमार, ही दोन सख्खी चुलत भावंडं. पुढच्या वेळी दुर्गाडीला गेलात की मुलांना सांगा.

तुम्ही म्हणाल, पोर्तुगीज तर गोव्याला. नाही बायांनो, आपल्याकडेही होते. १५३४ च्या तहात वसई त्यांना मिळाली, आणि पुढे दोनशे वर्षं वसई, ठाणे, साष्टी हा मुलूख त्यांच्याकडे होता. ठाण्याचा किल्ला त्यांनीच बांधायला घेतला होता. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. पाव, बटाटा, साबण, घमेलं, बादली, पिंप, पगार. रोज उठून आपण पोर्तुगीज बोलतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

त्या ठाण्याच्या किल्ल्यात आज काय आहे? ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह, म्हणजे तुरुंग. हा तुरुंग शब्दही पोर्तुगीज, त्रोंको या शब्दावरून. त्रोंको म्हणजे झाडाचा ओंडका. पूर्वी कैद्याचे पाय लाकडाच्या ओंडक्यात अडकवून ठेवायचे, म्हणून कोठडीला ते नाव पडलं. आणि त्याच लॅटिन मुळातून इंग्रजीत शब्द आला ट्रंक. कारण ओंडका पोखरून त्याची पेटी करायचे. म्हणजे आपल्या खाटेखालची पत्र्याची ट्रंक आणि ठाण्याचा तुरुंग, हीसुद्धा भावंडं निघाली. एकात कपडे कोंडतात, एकात माणसं.

घरी गेल्यावर कपाटासमोर उभ्या राहा आणि एकेक नाव घ्या. कपाट संस्कृत. त्याचं कुलूप अरबी. अरबीत कुफ्ल म्हणतात, आपण उलटंपालटं करून कुलूप केलं. चावी पोर्तुगीज, आणि तिलाच किल्ली म्हणालात तर ती आपल्याकडची. बिजागरी पोर्तुगीज. हँडल इंग्रजी. आतला आरसा संस्कृत, आणि साडीही संस्कृत. साडीला केलेली इस्त्री मात्र पोर्तुगीज म्हणतात. एक दार उघडलं की चार मुलुखांची माणसं आत बसलेली. जी माणसं म्हणतात ना, आमची भाषा एकदम शुद्ध, बाहेरच्यांचं काही नको, त्यांना म्हणावं, आधी कपाट उघडून दाखवा. चावी घ्यायची नाही हं, ती बाहेरची आहे.

असो. हसून झालं. आता जरा आपल्या घराकडे येऊ.

कपाट हे सगळ्यांच्या घरी कधीच नव्हतं. ज्याची भिंत जाड, त्याच्या भिंतीत फडताळ. आपल्या मुरबाड-शहापूरच्या वाड्या-पाड्यांवर घरं कुडाची. कारवीच्या काठ्या, वर मातीशेणाचा लेप. त्या भिंतीत कोनाडा कुठून काढणार? मग बाईची वस्तू कुठे राहायची? कपडे दांडीवर. दूध-भाकरी शिंक्यावर. भात कणगीत. आणि बाईचं स्वतःचं जे काही असेल ते उतरंडीत. उतरंड आताच्या मुलींना माहीत नसेल. एकावर एक रचलेली मडकी, खाली मोठं, वर लहान. त्यात डाळी, बियाणं, मिठाचे खडे, आणि मधल्याच एखाद्या मडक्यात दाण्यांच्या खाली चिंधीत बांधलेले चार पैसे. घरातल्या पुरुषाला अख्खी उतरंड उतरवल्याशिवाय ते सापडत नसत. ती बाईची बँक होती, आणि तिला कुलूप नव्हतं.

एक जुनी म्हण आहे, "उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा." घरात खायला नसलं तरी चालेल, नवरा मोठ्या नावाचा हवा. ही म्हण हसण्यावारी म्हटली जाते, पण त्यात बाईचं सगळं दुखणं आहे. नाव नवऱ्याचं, मडकं रिकामं.

मग आलं लोखंडी कपाट. मुंबईला लालबागला १८९७ साली अर्देशर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली. मग तिजोऱ्या, आणि १९२३ पासून लोखंडी कपाटं. पुढे कारखाना विक्रोळीला आला, ठाण्याच्या अलीकडे, आपण लोकलनं जाताना लागतं ते. कपाट कुठल्याही कंपनीचं असो, उल्हासनगरच्या बाजारातून आणलेलं असो, आपण त्याला गोदरेजच म्हणतो.

याच विक्रोळीची अजून एक आठवण सांगते. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हाच्या लोखंडी मतपेट्या लाखांनी विक्रोळीत बनल्या. पेट्या भक्कम होत्या. पण त्याच वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून काढावी लागली. का? कारण नाव विचारलं तर त्या स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगत. उत्तरेकडच्या राज्यांत हे जास्त झालं. पेटी तयार, कुलूप तयार, पण आत टाकायला बाईचं नावच नाही.

म्हणून मी शब्दांवरून बोलता बोलता नावापाशी आले. आता माझ्या आत्याची गोष्ट.

आत्या मुरबाड तालुक्यातली. लग्न झालं तेव्हा माझ्या आजोबांनी तिला लोखंडी कपाट दिलं. घरातला भात विकून कल्याणहून आणलेलं, हिरव्या रंगाचं, दारावर उभा आरसा. टेम्पो गावात आला तेव्हा सगळी पोरं मागून धावली होती, त्यांत मीही होते. आम्हांला वाटलं, आत्या राणी झाली.

कपाट सासरी ओटीवरून आतल्या खोलीत गेलं. चावी सासूबाईंच्या कमरेला गेली. आत काय ठेवलं? घराची कागदपत्रं, सासऱ्यांच्या पावत्या, थोरल्या जावेचे दागिने, पाहुण्यांसाठीच्या चादरी. आत्याचा लग्नातला शालू तेवढा वरच्या कप्प्यात राहिला. तिचे रोजचे कपडे दांडीवर. तिची स्वतःची म्हणून एक वस्तू होती, म्हशाच्या जत्रेतून आणलेली पत्र्याची ट्रंक, खाटेखाली. चाळीस वर्षं तिनं स्वतःच्या कपाटाच्या आरशात बघून कुंकू लावलं, पण कपाट तिनं कधी स्वतःच्या हातानं उघडलं नाही. आरसा बाहेर होता ना, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

सासूबाई गेल्या. चावी थोरल्या दिरांकडे गेली. मग आत्याचे यजमान गेले. दिवसकार्य झालं, मुलगा मजुरीसाठी बाहेरगावी परत गेला. कुणीतरी सांगितलं, निराधार योजनेचा अर्ज कर. अर्जाला कागद हवेत. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आणखी काय काय. कागद कुठे? कपाटात. दिरांना विचारलं तर आज म्हणाले बघतो, उद्या म्हणाले सापडत नाही. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांना वाटायचं कागद म्हणजे पुरुषाचं काम, वहिनीला काय कळतंय. आत्या तीन महिने रोज त्या आरशासमोरून गेली.

एक दिवस ती गटाच्या बैठकीत रडली. गटातल्या पाच बायका उठल्या आणि संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. भांडायला नाही. ओटीवर बसल्या, चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलल्या. मग त्यांच्यातली वयानं मोठी बाई दिरांना म्हणाली, "भाऊ, ते आरशाचं कपाट कुणाच्या माहेरचं हो?" दीर म्हणाले, "हिच्या." ती म्हणाली, "मग हिला उघडून बघू दे की एकदा."

कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं थोरली जाऊच आत गेली आणि चावी घेऊन आली. तिनं ती दिरांच्या हातात न देता सरळ आत्याच्या हातात दिली. आत्याला कुलूप उघडेना. चावी कोणत्या बाजूला फिरवायची ते तिला माहीत नव्हतं. स्वतःच्या कपाटाची.

उघडल्यावर काय सापडलं? कागद सगळे तिथेच होते, एका पिशवीत. त्यात टपाल खात्याचं एक पासबुक निघालं, यजमानांच्या नावाचं, वारस म्हणून आत्याचं नाव लावलेलं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगायचं राहून गेलं. रक्कम मोठी नव्हती. पण आत्या मला म्हणाली, "पोरी, पैशाचं काही नाही. माझं नाव त्या माणसानं लिहून ठेवलं होतं, आणि मला ते बघायला तीन महिने कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागलं."

मग तिनं एकच गोष्ट मागितली. भांडण नाही, वाटणी नाही. ती म्हणाली, "लोखंडी कपाटाला दोन चाव्या येतात. एक तुमच्याकडे ठेवा. दुसरी मला द्या." दुसरी चावी देवाच्या फळीवर डब्यात पडलेली होती. एवढी वर्षं तिथेच होती.

मैत्रिणींनो, आज मला तुम्हांला हेच सांगायचंय. दुसरी चावी.

आता कायदा थोडक्यात, सोप्या शब्दांत. लग्नात मुलीला माहेरहून, नातेवाइकांकडून जे मिळतं ते तिचं स्त्रीधन. हुंडा मागणं, देणं, घेणं तर १९६१ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. पण मागणी न करता हौसेनं जे दिलं ते तिचं. १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन बाईच्या मालकीचं असतं, सासरी ते ठेवलं म्हणून सासरच्यांचं होत नाही. त्यांनी ते फक्त सांभाळायचं असतं, आणि तिनं मागितलं की परत द्यायचं असतं. त्याच साली नियमही झाला की लग्नातल्या भेटींची यादी करून त्यावर सह्या घ्यायच्या. किती जणींच्या लग्नात अशी यादी झाली? हात वर करा असं रेडिओवर म्हणता येत नाही, पण तुम्ही एकमेकींकडे बघा.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिची. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेत मुलं आणि सासू यांच्याबरोबर बायकोचाही वाटा. आणि २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क. पण हक्क कागदावर असतो आणि कागद कपाटात असतो. कपाट बंद असेल तर हक्कही बंद.

म्हणून या आठवड्यात चार कामं करा. मोठी नाहीत.

पहिलं, घरातले कागद कुठे आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आधार, रेशनकार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती, बँकेचं आणि टपालाचं पासबुक, विम्याचा कागद, जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले. प्रत्येकाची झेरॉक्स काढा आणि एका पिशवीत वेगळ्या जागी ठेवा. गटाच्या पेटीत ठेवलीत तरी चालेल. वाचता येत नसेल तर मुलीला, सुनेला घेऊन बसा. तिलाही कळू दे.

दुसरं, प्रत्येक पासबुकावर, विम्यावर वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते विचारा. फक्त एवढं लक्षात ठेवा, नाव लावलेली व्यक्ती पैसे हातात घेते, पण वारसांचा हक्क त्यामुळे सहसा जात नाही.

तिसरं, घरातला जमीनधारक गेला असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीची खबर द्या. बाईचं नाव त्यात आलं का ते नंतर सातबारा काढून बघा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत निघतो. दुसऱ्याच्या शब्दावर थांबू नका. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, आधारवरचं नाव, हे सगळीकडे जुळतंय का तेही बघा.

चौथं, दुसरी चावी शोधा. असेलच कुठेतरी. डब्यात, देव्हाऱ्यात, कुणाच्या तरी खिशात. मागा. भांडून नको, पण मागा. एकटीला जमत नसेल तर गटानं चहाला जावं.

आणि ज्या सासवा ऐकत असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती. तुमच्या कमरेला चावी यायला तुम्हांला किती वर्षं लागली ते आठवा. सुनेला तेवढी लावू नका. तिच्या माहेरचं कपाट असेल तर पहिल्याच दिवशी चावी तिच्या हातात द्या. ती तुमची चादर बाहेर फेकणार नाही.

आता शेवटी पुन्हा आजींच्या प्रश्नाकडे. मी पुढच्या बैठकीला गेले तेव्हा त्यांना सांगितलं, आजी, कपाट म्हणजे आधी दारच होतं. आपण त्याची पेटी केली. आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे दार होतं ते उघडायला. आन् आपण त्याला कुलूप घातलं."

मी त्यांना म्हटलं, कुलूप असू द्या आजी. चोर-उंदीर आहेतच. पण आतून-बाहेरून उघडता आलं पाहिजे, आणि ज्याचं आहे त्याला उघडता आलं पाहिजे.

आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. गेल्या दिवाळीत गेले तर तिनं कपाट उघडून मला साडी दिली. चावी कुठे ठेवतेस विचारलं तर पदराची गाठ दाखवली. आरशात बघत हसत होती.

पुढच्या वेळी भेटू. तोवर तुमच्या भागात कपाटाला, फडताळाला, कोनाड्याला अजून काय काय शब्द आहेत ते गटात बसून आठवा आणि कळवा. आगरी घरात एक, ठाकरवाडीत दुसरा, कातकरी बाईकडे तिसरा शब्द असेल. आपण सगळे गोळा करू. आणि दुसरी चावी सापडली की तेही कळवा.

नमस्कार.